वादळात बोट खाडीत कधी घ्यायची? जुन्या तांडेलांचा हिशेब

वादळाची चाहूल लागली की बोट खाडीत घ्यायची, हे कोकणात लहान पोरालाही ठाऊक असतं. तरी म्हाताऱ्या तांडेलांच्या आठवणीत खोल समुद्रापेक्षा खाडीचं तोंडच जास्त असतं. असं का?

सावित्री, वाशिष्ठीसारख्या नद्या समुद्राला मिळतात तिथे वाळूचे पट्टे साचतात. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडतं आणि वारा लाटांना आत ढकलतो. दोन्ही समोरासमोर आले की लाटा उंच, उभ्या होतात आणि उथळ पाण्यात फुटतात. तिथे बोट आडवी झाली तर उलटते. म्हणून बंदर डोळ्यांसमोर दिसत असूनही भरती लागेपर्यंत बाहेर थांबावं लागतं. सगळ्यात अवघड काम हेच!

एकदा आत शिरलं की भरतीच मदतीला येते. शिडाची गलबतं याच पाण्यावर बाणकोटहून महाडपर्यंत, दाभोळहून चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत जायची. ओहोटी लागली की नांगर टाकून सहा तास बसायचं.

भरतीची वेळ कशी कळायची? तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला भरती साधारण ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता. हिशेब ढोबळ, पण घड्याळाशिवाय चालणारा.

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं, तेव्हा द्वादशी होती. म्हणजे भरती सकाळी ९ च्या सुमारास. वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं दुपारी, ओहोटीत.