तारेचे वेटोळे, लोहचुंबक आणि देवगिरीचा खडक

शाळेच्या प्रयोगशाळेतील एक साधा प्रयोग आपल्यापैकी बहुतेकांनी केलेला असतो. तांब्याच्या तारेचे वेटोळे घ्यावे, त्यातून घटाचा विद्युत्प्रवाह सोडावा व जवळ होकायंत्र ठेवावे. सुई वळते. नंतर वेटोळे दूर सारून पट्टीचुंबक जवळ आणला, तरी ती तशीच वळते. मग एखादा चौकस मुलगा विचारतो, "सर, या दोन चुंबकत्वांत फरक काय?" पाठ्यपुस्तकात ही दोन वेगळी प्रकरणे असल्याने 'एक कायमचे, दुसरे तात्पुरते' एवढ्यावरच उत्तर थांबते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. या एका प्रश्नापायी आपल्याच राज्यातील एका वेधशाळेला बिऱ्हाड हलवावे लागले होते. ती हकीकत पालक व विद्यार्थी यांच्या कानी घालावी, म्हणून हा लेख.

चुंबक-पाषाणाची ओळख मनुष्याला फार जुनी. फार्सी वाङ्मयात होकायंत्राचा पहिला उल्लेख 'जवामिउल हिकायात' या ग्रंथात आढळतो. तेराव्या शतकात सुलतान अल्तमशच्या काळात दिल्लीस राहिलेल्या मुहम्मद औफी यांचा हा ग्रंथ. समुद्रात वाट चुकलेल्या नावाड्याने माशाच्या आकाराचा लोखंडी तुकडा पाण्यात तरंगवून दिशा शोधली, असा तो प्रसंग आहे. पुढे याच युक्तीने किब्ल्याची दिशाही ठरविली जाऊ लागली. इ. स. १६०० मध्ये विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने पृथ्वी स्वतःच एक महाचुंबक आहे असे प्रतिपादिले. पण चुंबकाचा विजेशी संबंध कोणाला दिसला नव्हता. तो १८२० साली डेन्मार्कच्या ओरस्टेडला दिसला. प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलली, आणि त्या तारेत तर चुंबक-पाषाणाचा कणही नव्हता. फ्रान्सच्या अँपिअरने लगेच पुढचे पाऊल टाकले. लांबट वेटोळे, ज्याला आपण नालकुंतल म्हणतो, हुबेहूब पट्टीचुंबकासारखे वागते हे त्याने दाखविले; आणि चुंबकाच्या पोटातही सूक्ष्म प्रवाह फिरत असले पाहिजेत, असे अनुमान केले. विसाव्या शतकात हे प्रवाह म्हणजे इलेक्ट्रॉनांची गती, आणि त्याहूनही अधिक त्यांचा अंगभूत 'स्पिन' हा गुण, असे कळून आले. अँपिअरचा अंदाज शब्दशः नव्हे, पण दिशेने बरोबर होता.

आता मुंबईकडे वळू. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली आणि १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे सुरू झाली. सप्टेंबर १८५९ मधील प्रचंड चुंबकीय वादळाची तेथील नोंद आजही जगभरचे शास्त्रज्ञ अभ्यासतात. पहिले भारतीय संचालक नानाभॉय फ्रामजी मूस यांनी १८९६ मध्ये सूत्रे घेतली. थोड्याच काळात शहरात विजेच्या ट्रामची योजना पुढे आली आणि पेच पडला. ट्रामचा प्रवाह रुळांतून परततो, काही जमिनीतही झिरपतो आणि स्वतःचे क्षेत्र निर्माण करतो. वेधशाळेतील टांगलेल्या चुंबकाला ओढणारे क्षेत्र पृथ्वीचे की ट्रामचे, हे ओळखण्याचा काही उपायच नाही, कारण बाहेरून पाहता दोन्ही एकाच जातीची. साठ वर्षांची अखंड मालिका धोक्यात आली. तेव्हा मूस यांनी अलिबागची जागा निवडली. तेथे लोहविरहित पोरबंदरी दगडाची इमारत बांधली गेली. (गंमत अशी की अलिबाग ज्या जिल्ह्यात होते, त्याचेही नाव तेव्हा कुलाबाच!) १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप करून जुन्या-नव्या नोंदींचा सांधा जुळविला गेला. मे १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. धंद्याची निकड व विज्ञानाची निकड यांत इतका समंजस मेळ क्वचितच पडतो. अलिबागला नोंदी आजही चालू आहेत.

मग फरक कशात? वेटोळ्याचे क्षेत्र कळ दाबून चालू-बंद करता येते व उलटेही करता येते. पण तार तापते आणि वीज सतत खर्च होते. लोहचुंबकाला खुराक लागत नाही, मात्र फार तापविल्यास तो आपले सत्त्व गमावतो. त्याच्या बळालाही मर्यादा आहे. म्हणून दवाखान्यातील मोठ्या एम.आर.आय. यंत्रात द्रवरूप हेलियमने थंड केलेली वेटोळी वापरतात. त्यांचे १.५ टेस्लाचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या तीसएक हजार पट भरते.

दोन्ही प्रकार एकत्र पाहावयाचे तर आपल्याला दूर जावयास नको. दौलताबादचा किल्ला आणि वेरूळची लेणी ज्या काळ्या बेसाल्टमध्ये कोरली आहेत, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा आहे. निवताना त्यातील लोहखनिजाच्या कणांनी त्या वेळचे पृथ्वीचे क्षेत्र टिपून घेतले आणि खडक दुबळा पण कायमचा चुंबक झाला. १९५० नंतरच्या दशकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी दख्खनचे असे खडक मोजले, तेव्हा त्या काळी भारतभूमी विषुववृत्ताच्या बरीच दक्षिणेस होती असे निष्पन्न झाले. शिवाय अनेक थरांतील चुंबकत्वाची दिशा आजच्या नेमकी उलट निघाली.

ती उलट कशी झाली, याचे उत्तर गिल्बर्टच्या महाचुंबकात नाही. पृथ्वीचे पोट हजारो अंश तापलेले आहे, तेथे कोणताही कायमचा चुंबक टिकणार नाही. तेथील वितळलेल्या, खळबळणाऱ्या लोहात विद्युत्प्रवाह फिरतात आणि ते क्षेत्र उत्पन्न करतात. म्हणजे पृथ्वी ही वेटोळ्याच्या जातीची, आणि तिची जुनी नोंद जपणारा देवगिरीचा खडक लोहचुंबकाच्या.