निर्वासितांचे स्वावलंबन (युगांडा)

परागंदा होऊन आलेल्या कुटुंबांना छावणीत केवळ शिध्यावर न ठेवता कसायला जमीन, कामाचा हक्क आणि फिरण्याची मोकळीक द्यायची, आणि त्यांच्यासाठी येणाऱ्या मदतीत आसपासच्या गावांनाही वाटा द्यायचा, असे पूर्व आफ्रिकेतील युगांडाचे धोरण आहे. दक्षिण सुदान, काँगो, बुरुंडी, सोमालिया आदी देशांतून आलेले १५ लाखांहून अधिक निर्वासित तेथे राहतात. आफ्रिकेत इतका भार दुसऱ्या कोणत्याही देशाने उचललेला नाही.

युगांडाला निर्वासित नवे नाहीत. दुसऱ्या महायुद्धात तेथे मासिंदीजवळ आणि कोजा येथे पोलिश निर्वासितांच्या वसाहती होत्या. नैऋत्येकडील नाकिवाले वसाहत १९५० च्या दशकाअखेरीस रवांडातील तुत्सींसाठी सुरू झाली. वायव्येकडील आरुआ, मोयो आणि आजुमानी या जिल्ह्यांसाठी १९९९ मध्ये सरकार व संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित उच्चायुक्तालय यांनी स्वावलंबनाची योजना आखली. निर्वासितांचे दवाखाने-शाळा वेगळ्या न चालवता जिल्ह्याच्या व्यवस्थेत सामावून घेणे हा तिचा गाभा. २००६ च्या कायद्याने नोकरी-धंद्याचा हक्क दिला. या साऱ्यात निर्णायक ठरला तो हा कायदा; हक्काविना, नुसती मदत म्हणून दिलेले शिवणयंत्र वा कोंबड्या फार काळ पुरत नाहीत.

२०१६ मध्ये दक्षिण सुदानची राजधानी जुबा येथे लढाई भडकल्यावर युम्बे जिल्ह्यात बिडीबिडी वसाहत उघडली आणि काही महिन्यांत तेथे अडीच लाखांवर माणसे आली. या भागातील जमीन सरकारची नाही, स्थानिक वंशकुळांच्या सामायिक मालकीची आहे. रस्ता, पाणी, शाळा येतील या भरवशावर वडीलधाऱ्यांनी ती भाडे न घेता दिली. मदतीतील सुमारे ३० टक्के वाटा स्थानिकांचा, हा दंडक त्यासाठीच. तो पाळला गेला नाही की सरपण, छपराचे गवत यांवरून भांडणे होतात, आणि त्यात गावकऱ्यांची तक्रार खोटी नसते. कुटुंबाला मिळालेला तुकडा साधारण ३० मीटर बाय ३० मीटरचा, म्हणजे जेमतेम नऊ गुंठ्यांचा. खडकाळ, पावसावरच्या जमिनीत तेवढ्यावर घर चालत नाही. म्हणून अनेक जण गावकऱ्यांचे शेत पैसे देऊन वा मजुरीच्या बदल्यात कसायला घेतात.

बचत गटांत दोन्हीकडच्या बायका एकत्र दिसतात. गटाच्या लोखंडी पेटीला तीन कुलुपे, किल्ल्या तिघींकडे. सगळ्यांसमोर पेटी उघडायची, पैसे मोजायचे, प्रत्येकीच्या पुस्तकात शिक्का मारायचा, गरजेला कर्ज द्यायचे आणि वर्षाअखेरीस वाटप करायचे. शहरातील चित्र ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या २०१४ च्या अभ्यासात आहे: राजधानी कंपालातील २१ टक्के निर्वासित इतरांना कामावर ठेवणारा धंदा चालवत होते, आणि त्यांनी ठेवलेल्यांपैकी ४० टक्के युगांडाचेच नागरिक होते.

निधी आटल्याने जागतिक अन्न कार्यक्रमाने २०२० मध्ये शिधा ३० टक्क्यांनी कापला. २०२३ मध्ये कुटुंबांची वर्गवारी झाली: सर्वांत गरजूंना पूर्ण शिध्याच्या ६० टक्के, मधल्यांना ३० टक्के, स्वावलंबी ठरवलेल्यांना काहीच नाही. नऊ गुंठे कसणाऱ्याला स्वावलंबी ठरवून त्याचा शिधा तोडणे हा या धोरणाचा विपर्यास आहे. जमीन, पाणी आणि बाजार आधी पुरवावे लागतात. शिधा त्यानंतर कमी करायचा असतो.