गाडीच्या बेल्टचा पार्ट लेथवर बनवून घेता येतो का? कुठे चालतं आणि कुठे अख्खं इंजिन जातं

जूचंद्र म्हटलं की वसईकरांना आधी रांगोळी आठवते. पण याच गावातून बापाणे फाट्याला आलात की मुंबई-अहमदाबाद महामार्ग लागतो, आणि तिथून उत्तरेला सातिवली, वालीव, गोखिवरे या पट्ट्यात लेथ, मिलिंग, वेल्डिंगची लहानमोठी वर्कशॉप्स आहेत. त्यामुळे इथल्या जुन्या गाडीवाल्यांना एक प्रश्न हमखास पडतो. पुली वाजतेय, कंपनीचा पार्ट मिळत नाहीये, मग टर्नरकडून करून घेतली तर?

काही पार्ट बिनधास्त करून घ्या, काहींना हातही लावू नका. कोणता पार्ट कशात मोडतो, ते कळायला आधी इंजिनातले दोन बेल्ट वेगळे ओळखता यायला हवेत.

बॉनेट उघडल्यावर दिसतो तो ड्राइव्ह बेल्ट. सवयीने आपण त्याला अजूनही फॅन बेल्ट म्हणतो. इंजिनाच्या क्रँकवरून ताकद घेऊन तो अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंप आणि हायड्रॉलिक स्टिअरिंगचा पंप फिरवतो. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत तो एका खाचेचा, व्ही आकाराचा असायचा. आताच्या गाड्यांत तो रुंद, चपटा आणि आतून उभ्या रेघांचा असतो. दुसरा टायमिंग बेल्ट. तो कव्हरच्या आत लपलेला, दातेरी असतो आणि व्हॉल्व्ह कधी उघडायचे, कधी मिटायचे हे ठरवतो. काही इंजिनांत त्या जागी साखळी असते.

ड्राइव्ह बेल्ट तुटला तर बॅटरीचा लाल दिवा लागतो, तापमानाचा काटा चढतो, स्टिअरिंग जड होतं. पण अनेक जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे बसवलेला असतो. म्हणजे बेल्ट गेला की थोड्या वेळाने ब्रेकही दगडासारखा होतो. चिंचोटीच्या आसपास ट्रकच्या रांगेत असताना हे झालं तर काय, याचा विचार पार्टच्या किमतीआधी करावा.

वसईत हा प्रश्न पावसाळ्यानंतर जास्त येणार, यात नवल नाही. 2018 च्या जुलैत वसई-विरार कित्येक दिवस पाण्यात होतं. साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की ओला बेल्ट घसरतो, किंचाळतो, कधी खाचेतून निघतोही. पण खरं नुकसान पुढे दिसतं. गढूळ पाणी पुलीच्या बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस खराब होतं आणि काही महिन्यांनी घरघर सुरू होते.

इथेच पहिली बचत आहे. आयडलर पुली म्हणजे बेल्टला फक्त वळण देणारी मोकळी पुली. ती वाजते तेव्हा बरेचदा पुली ठणठणीत असते, गेलेलं असतं ते बेअरिंग. अनेक गाड्यांत तिथे 6203 नंबरचं बेअरिंग सापडतं: आतलं भोक 17 मिमी, बाहेरचा व्यास 40, जाडी 12. नंबर बेअरिंगच्या कडेवर कोरलेला असतो. मात्र पंख्याच्या मोटरसाठीचं स्वस्त बेअरिंग बसवू नका, जास्त वेग आणि उष्णता सोसणारं, दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं घ्या. बसवताना दाब बाहेरच्या कड्यावरच द्यावा. आतल्या कड्यावर हातोडी मारली की नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी मेलं समजा.

पुलीच झिजली असेल तर मात्र टर्नर लागतो. स्पेसर, बुश, जाड वॉशर, अल्टरनेटरचा ब्रॅकेट, एका खाचेची व्ही-पुली हे सगळं चांगला टर्नर आरामात करतो. सपाट आयडलरही होईल, पण त्याआधी वेगाचा हिशोब बघा. क्रँकची पुली 150 मिमीची, आयडलर 70 मिमीचा. इंजिन मिनिटाला 3000 फेरे फिरत असताना आयडलर सुमारे 6400 फेरे फिरतो आणि त्याची कड ताशी जवळपास 85 किमी वेगाने पळते. भोक जरासं तिरकं पडलं तर पुली थरथरते आणि बेअरिंग खाते.

आपल्याकडे कारागीर सुतात बोलतात: ‘एक सूत इकडेतिकडे चालतंय की!’ सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण 3 मिमी. व्ही-बेल्टला दोन पुल्यांमधला तिरकेपणा अर्ध्या अंशापर्यंतच चालतो. म्हणजे 20 सेंटिमीटर अंतरावर पावणेदोन मिमीच्या आसपास. रेघांच्या बेल्टला तर त्याहून कमी. म्हणजे ते एक सूत इथे चालत नाही. व्हर्निअरने माप घ्या, जुना पार्ट नमुना म्हणून सोबत न्या आणि बसवल्यावर सरळ पट्टी दोन्ही पुल्यांच्या तोंडाला लावून बघा.

आता सोशल मीडियावर फिरणाऱ्या थ्रीडी प्रिंटेड पुलीबद्दल. पीएलए हे नेहमीचं प्लास्टिक साधारण 60 अंशांना मऊ पडायला लागतं, आणि बॉनेटखाली त्याहून जास्त तापतं. व्हिडिओत पुली छान फिरते, कारण व्हिडिओ दोन मिनिटांचा असतो. कंपनीची प्लास्टिक पुली काचेचे तंतू मिसळलेल्या नायलॉनची असते; बाजारातल्या साध्या नायलॉनच्या रॉडमधून कातलेली पुली उष्णतेने सैल होऊन बेअरिंग सोडू शकते.

बेल्ट स्वतः बनवण्याच्या भानगडीत पडू नका. ओढणी पिळून बांधली, नायलॉनची दोरी लावली असे किस्से जुने ड्रायव्हर सांगतात. एका खाचेच्या जुन्या गाडीत, इंजिन हळू ठेवून गॅरेज गाठण्यापुरतं ते जमून जातं. रेघांच्या बेल्टला हा उपाय लागूच पडत नाही. नवा बेल्ट मागायला फक्त पाठीवरचा नंबर वाचा. 6पीके1070 म्हणजे सहा रेघा आणि 1070 मिमी लांबी.

टायमिंगच्या बाजूला काहीही घरगुती नको. ना दातेरी चक्र, ना टेन्शनर, ना त्याचा स्पेसर. कॅमच्या चक्राला क्रँकच्या दुप्पट दात असतात आणि दोघांचा मेळ दातादाताने जुळलेला असतो. दोन-चार दात उडाले तरी बऱ्याच इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळून व्हॉल्व्ह वाकतात. हा बेल्ट बहुतेक गाड्यांत 60 हजार ते 1 लाख किमीच्या दरम्यान बदलायला सांगतात, गाडी कमी फिरली तरी वर्षांची मर्यादा असतेच. शिवाय नेहमीच्या वाहन विम्यात यांत्रिक बिघाड धरलेला नसतो, म्हणजे हा खर्च तुमच्याच खिशातून जातो.

घरगुती कारागिरीला कमी लेखायचं कारण नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सुट्या भागांतून, सुमारे 60 हजार रुपयांत किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं आणि पुढे तिच्या बदल्यात लोहारांना बोलेरो दिली. पण ती गाडी नियमांत बसत नाही, हेही महिंद्रांनी त्याच वेळी सांगितलं होतं.

लेथवरचा पार्ट बसवून झाला की इंजिन सुरू करून ऐका. ओढणी, सैल बाही, लांब केस बेल्टपासून दूर ठेवा. आवाज आला तर बेल्टच्या रेघांवर लांबून थोडं पाणी फवारा. आवाज क्षणभर थांबला तर पुल्या एका रेषेत नाहीत. वाढला तर बेल्ट सैल आहे. साबण, मेण, ग्रीस लावून आवाज दाबू नका. आठवड्याने बॉनेट उघडून पुलीभोवती बघा. काळी भुकटी साचलेली दिसली तर बेल्ट घासतोय, पार्ट काढून पुन्हा टर्नरकडे न्या.