तेरडा अचानक मान का टाकतो? नाजूक फुलझाडाची काळजी अशी घ्या

'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण चार दिवस टिकणाऱ्या उत्साहासाठी वापरली जाते. झाडावर मात्र ती अन्यायच करते. एकेक फूल लवकर गळतं हे खरं, पण नीट वाढलेला तेरडा पानांच्या बेचक्यात नव्या कळ्या काढत कित्येक आठवडे फुललेला राहतो. कुंडीतला तेरडा खरोखरच तीन दिवसांत संपला, तर बहुतेक वेळा पाण्याचं गणित चुकलेलं असतं.

नर्सरीत 'बाल्सम' नावाने मिळणारं हे झाड मूळचं भारत आणि म्यानमारकडचं. कोकणात ते पावसाळ्यात बांधावर, रस्त्याकडेला आपोआप उगवतं. भाद्रपदात अनेक घरांत तेरड्याची रोपंच गौर म्हणून पुजली जातात.

इतका नाजूक कशामुळे?

तेरड्याचं खोड लाकडासारखं टणक होत नाही. ते मांसल असतं आणि आतल्या पाण्याच्या जोरावर उभं राहतं. त्यामुळे पाणी कमी पडलं की झाड लगेच मान टाकतं आणि पाणी मिळालं की काही तासांत सावरतं.

फसगत इथेच होते. कुंडीत पाणी साचून मुळं कुजली, तरी झाड अगदी तसंच कोमेजतं. अशा वेळी आणखी पाणी घातलं की ते हमखास जातं. म्हणून आधी मातीत बोट खुपसून बघा. माती कोरडी असेल तर पाणी द्या. ओली असेल तर पाणी थांबवा, कुंडीखालची ताटली काढा आणि तळाचं भोक बुजलं आहे का ते तपासा. खोड जमिनीलगत काळं, मऊ पडलं असेल, तर ते झाड सहसा वाचत नाही.

लावायचा कधी, कसा?

जूनच्या सुरुवातीला बी पेरलं तर साधारण दोन महिन्यांत फुलं येतात, म्हणजे गौरी-गणपतीपर्यंत झाड रंगात असतं. बी खोल पुरू नका, वर मातीचा पातळ थर पुरे. आठ ते चौदा दिवसांत ते उगवतं. रोपाला चार-सहा पानं आली की आठ-दहा इंची कुंडीत एकच रोप ठेवा. माती भुसभुशीत हवी, त्यात शेणखत किंवा गांडूळखत मिसळा. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा उत्तम.

पाऊस ओसरल्यावर पानांवर पांढरी पावडर दिसली तर ती भुरी. तशी पानं काढून टाका, रोपांत अंतर ठेवा आणि पाणी पानांवर न शिंपडता मुळाशी द्या. एका रात्रीत पानं फस्त झाली असतील तर शेपटीला काट्यासारखं टोक असलेली जाड अळी शोधा. दिसायला भीतीदायक असली तरी ती डंख मारत नाही, हाताने उचलून टाकता येते.

बी कसं धरायचं?

तेरड्याची पिकलेली बोंडं हात लागताच फुटतात आणि बी चहूकडे उडतं. मुलांचा हा आवडता खेळ, पण त्यात पुढच्या वर्षीचं बी जातं. बोंड फुगून पिवळसर होऊ लागलं की त्यावर कागदी पिशवी धरा आणि मग तोडा. बी सावलीत वाळवून कोरड्या डबीत ठेवा. दुहेरी पाकळ्यांच्या झाडाचं बी पेरलं तरी पुढची सगळी रोपं तशीच निघतील असं नाही. आवडत्या रंगाचं बी वेगळ्या डबीत ठेवलेलं बरं.