बोरिवलीच्या नावाची मुसळी

उपनगरात बागेची हौस असलेल्या माणसाची पहिली गाठ पडते ती सावलीशी. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, कुठेही पाहा, चार मजली सोसायट्या पाडून टॉवर उभे राहिले तशा शेजारच्या इमारतींच्या गॅलऱ्या उन्हाला पारख्या झाल्या. अशा गॅलरीत मोगरा पानं धरतो, कळी धरत नाही. मग माणूस सावलीत जगणारी, जागा कमी घेणारी झाडं शोधू लागतो आणि कधीतरी त्याच्या नजरेस होस्टा पडते. न्यू जर्सीत राहणाऱ्या भावाच्या घराच्या उत्तरेकडच्या भिंतीशी, मेपलच्या खाली, रुंद शिरांच्या पानांचे गोल गड्डे. त्यांतल्या बुटक्या जाती तर फारच मोहक असतात. कोरियाच्या जेजू बेटावरची होस्टा व्हेनुस्टा बोटभर पानांची. ‘ब्लू माउस इअर्स’ नावाचा निळसर वाण वीतभर उंचीचा, जाड, वाटोळ्या पानांचा. २००८ साली अमेरिकेतल्या होस्टा उत्पादकांच्या संघटनेने त्याला वर्षाची होस्टा म्हणून निवडलं.

मुंबईत ती जगत नाही. याला कारण ऊन नव्हे, पाणी नव्हे आणि माती तर नव्हेच. होस्टाला झोप लागते ती थंडीने. साधारण दीड-दोन महिने तापमान पाच अंशांच्या आसपास किंवा त्याखाली राहिलं तरच तिचा कंद पुरता विसावतो आणि वसंतात जोमाने फुटतो. सांताक्रूझच्या वेधशाळेत आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश, तेही २२ जानेवारी १९६२ या एका दिवशी. मुंबईत आणलेली होस्टा एक-दोन वर्षं कशीबशी पानं काढते, दर वर्षी आधीपेक्षा लहान, आणि संपते. पैसे घालवून हा अनुभव घेऊ नये, असं मी कळकळीने सांगेन. त्याऐवजी तिचं कूळ शोधावं. ते शोधत गेलं की वाट फिरून बोरिवलीच्याच डोंगरात येते.

या कुळातल्या दोन झाडांची ओळख युरोपला करून देण्यात कार्ल थुनबर्ग या स्वीडिश माणसाचा मोठा वाटा. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा हा शिष्य डच ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य म्हणून निघाला. जपानमध्ये डचांखेरीज कोणा युरोपियनाला प्रवेश नव्हता, म्हणून आधी डच भाषा आणि रीतभात शिकायला तो १७७२ ते १७७५ दक्षिण आफ्रिकेच्या केपमध्ये राहिला. तिथे त्याने हजारो वनस्पती जमवल्या. त्यांतल्याच एका वनस्पतीला त्याने पुढे १७९४ साली अँथेरिकम कोमोसम असं नाव दिलं. आज ती क्लोरोफायटम कोमोसम म्हणून ओळखली जाते. आपण तिला स्पायडर प्लांट म्हणतो. उपनगरातल्या दर दुसऱ्या गॅलरीत पांढऱ्या पट्ट्यांची पानं आणि लोंबत्या दांड्यांवर पिल्लं घेऊन ती टांगलेली असते. १७७५ साली थुनबर्ग नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर पोचला. तिथल्या वर्षभराच्या मुक्कामात पाहिलेल्या वनस्पतींत होस्टाही होती. तिला त्याने आधी एका प्रजातीत घातलं, मग दुसऱ्या. होस्टा हे नाव तिला १८१२ साली ट्रॅटिनिक या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलं, निकोलाउस होस्ट या आपल्या देशबांधवाच्या सन्मानार्थ.

केपमधली स्पायडर प्लांट आणि जपानमधली होस्टा या दोन्ही एकाच माणसाच्या हाताखालून गेल्या, पण त्या इतक्या जवळच्या नात्यातल्या असतील हे त्याला कळायला मार्ग नव्हता. पुढची दीडशे वर्षं सहा पाकळ्यांची, कंदाची बहुतेक फुलझाडं लिलीच्या एकाच अवाढव्य कुळात कोंबलेली होती. पहिली फट पडली ती १९३०च्या दशकात. होस्टाची गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा काही थोडी मोठी आणि बाकीची अगदी बारीक, अशी जी ठेवण दिसली ती हुबेहूब घायपात आणि युक्का यांच्यासारखी होती. कुठे वाळवंटातलं काटेरी घायपात आणि कुठे सावलीतली मऊ होस्टा! पुढे जनुकांच्या अभ्यासाने ते नातं पक्कं झालं. २००९ सालच्या वर्गीकरणात होस्टा, घायपात आणि क्लोरोफायटम ही सगळी मंडळी शतावरीच्या कुळात, त्यातही घायपाताच्या उपकुळात येऊन बसली. दादरच्या फुलबाजारात रोज पहाटे टोपल्या भरून येणारा निशिगंधही याच भावकीतला. मूळचा मेक्सिकोचा.

आता बोरिवली. क्लोरोफायटमच्या भारतात वीसेक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक सह्याद्रीत. मुंबईच्या वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्यांना त्या जुन्या परिचयाच्या. १८३९ साली प्रसिद्ध झालेली जॉन ग्रॅहमची मुंबईतल्या वनस्पतींची यादी त्याच्या मृत्यूनंतर जोसेफ निम्मोने पुरी केली. त्या निम्मोचं नाव क्लोरोफायटम निम्मोनी या जातीत आहे. १९०१ ते १९०८ या काळात थिओडोर कुकचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ आला. त्यातही क्लोरोफायटम नोंदलेलं आहे. तरीही मुंबईच्या उंबरठ्यावरची एक जात नावाविना राहून गेली होती.

तिला नाव मिळालं ते हर्मेनगिल्ड सांतापाव आणि आर. आर. फर्नांडिस यांच्याकडून. फादर सांतापाव मूळचे स्पेनचे. जेझुइट संघात दाखल होऊन १९२८ साली ते भारतात आले आणि पुढे इथलेच झाले. १९४० पासून ते सेंट झेव्हियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत. एथेलबर्ट ब्लॅटर या स्विस जेझुइटाने उभं केलेलं वनस्पतिसंग्रहालय तिथे होतं, आजही आहे. मला या माणसाविषयी विशेष आदर आहे तो त्यांच्या पायपिटीमुळे. खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ साली निघाला. तो वाळवलेल्या नमुन्यांइतकाच जिवंत झाडं पाहून लिहिलेला आहे, आणि क्लोरोफायटमच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. या वनस्पतीचे सगळे कागदपत्र मातीखाली असतात. नमुना घेणाऱ्याने पानं आणि फुलांचा दांडा तोडून कागदात दाबला, मुळं मातीतच ठेवली, की दोन जाती एकच वाटू लागतात. क्लोरोफायटम ट्युबरोसम या जातीच्या गाठी बारीक दोऱ्यासारख्या मुळांच्या टोकाला लोंबतात. बोरिवलीच्या झाडाची जाड, पांढरट, बोटासारखी मुळं थेट खोडाच्या चकतीला घोसाने चिकटलेली असतात. मध्ये दोरा नसतो. हा फरक खुरपं घेऊन उकिडवं बसणाऱ्यालाच दिसतो.

बोरिवली त्यांना दूर नव्हती. १९२८ सालापासून विजेची लोकल तिथपर्यंत धावत होती. मरीन लाइन्सला गाडीत बसलेला अभ्यासक सकाळीच कान्हेरीच्या जंगलातल्या वाटेला लागू शकत असे. त्या जंगलातून आलेल्या झाडाचं वर्णन १९५०च्या दशकाच्या मध्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलच्या ५२व्या खंडात छापून आलं, आणि नाव ठरलं क्लोरोफायटम बोरिविलियानम. सांतापाव पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले, १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९७० साली ते वारले. त्या जंगलातल्या कृष्णगिरी उद्यानाचं बोरिवली राष्ट्रीय उद्यान झालं, बोरिवलीचं संजय गांधी उद्यान झालं. वनस्पतीच्या नावातला जातीचा शब्द मात्र नियमानुसार पहिला तोच राहतो. राजस्थानात, गुजरातेत, मध्य प्रदेशात जिथे जिथे हे झाड उगवतं, तिथे तिथे ते बोरिवलीच्याच नावाने नोंदलं जातं.

बाजारात त्याचं नाव वेगळं, सफेद मुसळी. वाळवलेली पांढरी मुळं शक्तिवर्धक म्हणून विकली जातात. मुळं खणायची, ओली असतानाच साल काढायची, वाळवायची. साल निघाली आणि पाणी आटलं की ओल्या मालाचा अगदी थोडा भाग हाती लागतो, म्हणून एका किलोसाठी कितीतरी झाडं उपटावी लागतात. त्यातून हे झाड बियांपासून फार थोडं रुजतं. नवं झाड होतं ते खोडाच्या चकतीचा तुकडा मुळाला चिकटलेला असेल तरच. चकती जंगलात परत पुरली असती तर झाडं टिकली असती. व्यापाऱ्याला घाई असते, खणणाऱ्याच्या हाती विक्रीच्या पैशातलं थोडंच पडतं, आणि डोंगर रिकामे होत जातात. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने लागवडीसाठी निवडलेल्या पहिल्या वनस्पतींत मुसळी होती. विदर्भ-खानदेशात तिचं पीक घेतलं गेलं. महागडं बेणं घेऊन उतरलेल्या कित्येक शेतकऱ्यांना विक्रीच्या वेळी भाव मिळाला नाही, हेही खरं. तरीही शेतात मुसळी वाढणं मला जंगलाच्या दृष्टीने गरजेचं वाटतं.

याच कुळाशी उपनगराचं दुसरं एक नातं आहे, मुळांशी नव्हे, पानांशी. जूनमध्ये दोन-चार सरी पडल्या की बोरिवली, मुलुंड, भांडुप स्टेशनांबाहेर आदिवासी बायका शेवळं, टाकळा, भारंगी घेऊन बसतात. त्यांच्याजवळ लांब, गवतासारख्या पात्यांच्या, बुडाशी पांढऱ्या जुड्या असतात. कोणी फोडशी म्हणतं, कोणी कुळीची भाजी. ती पाती क्लोरोफायटमचीच. एका जुडीत क्लोरोफायटमच्या दोन-तीन जातीही असतात. बाजाराला त्याने फरक पडत नाही. आतला फुलाचा कडक दांडा काढून टाकायचा, पाती मातीसाठी दोन-तीन पाण्यांत धुवायची, बारीक चिरायची. भिजवलेली मूगडाळ किंवा हरभऱ्याची डाळ, कांदा, लसूण, हिरवी मिरची, वरून ओलं खोबरं. ही भाजी वर्षातून चार-सहा आठवडेच मिळते, कारण दांडे वर आले की पाती जून होतात.

जपानमध्ये वसंतात डोंगरातली रानभाजी म्हणून होस्टाचे कोवळे कोंब खातात. त्यांना ‘उरुई’ म्हणतात. ते उकडून मिसोबरोबर खायची रीत आहे. पाश्चात्त्य बागांनी होस्टा केवळ शोभेची ठरवली. तिच्या मूळ देशातली माणसं आणि आपली वारली, ठाकर माणसं मात्र हिवाळा किंवा उन्हाळा सरता सरता एकाच कुळातलं कोवळं पान खुडत आली. पान खुडलं तर चकती आणि मुळं मातीत राहतात आणि झाड पुन्हा फुटतं. मुळाचा धंदा आणि पानाची भाजी यांतला हा फरक मला सगळ्यात मोठा वाटतो.

गॅलरीत लावायची असेल तर बेणं शेतीतलं किंवा रोपवाटिकेतलं घ्यावं. राष्ट्रीय उद्यानातून काडीही आणता येत नाही, कायद्यानेही आणि तसंही. पसरट कुंडी, तळाला विटांचे तुकडे, निम्मी माती, उरलेल्यात वाळू आणि पानांचं खत. मेच्या शेवटी चकतीसकट मुळं बोटभर खोल पुरावीत. पाऊस लागला की आठवड्या-दोन आठवड्यांत पाती येतात, वीत-दीड वीत लांब, जमिनीलगत पसरलेली, आणि पाठोपाठ पांढऱ्या फुलांचा दांडा. सकाळचं थोडं कोवळं ऊन मिळालं तर उत्तम, नुसता उजेड असला तरी पानं येतात, फुलं कमी. पाणी साचू देऊ नये, मुळं कुजतात.

सप्टेंबर-ऑक्टोबरात पानं पिवळी पडून आडवी होतात. इथे पुष्कळ जण घाबरून पाणी वाढवतात आणि झाड घालवतात. होस्टाला थंडी झोपवते, हिला कोरड. पाणी पूर्ण बंद करावं, कुंडीवर पेनाने नाव आणि महिना लिहून ती वळचणीला सरकवावी, घरात कामाला येणाऱ्या ताईंनाही सांगून ठेवावं की यात माती दिसली तरी पाणी घालायचं नाही. तीन-चार वर्षांनी मुळांनी कुंडी भरते. तेव्हा मेमध्ये उकरून चकतीचे दोन-तीन भाग करावेत, प्रत्येक भागाला निदान दोन मुळं ठेवावीत, आणि एक भाग शेजाऱ्याला द्यावा.