हृदयाच्या पेशीत कॅल्शियम स्वतःचाच दरवाजा कसं बंद करतं?

आजकाल बऱ्याच स्मार्टवॉचमध्ये ईसीजी काढता येतो. कडेच्या बटणावर बोट ठेवायचं, तीस सेकंद शांत बसायचं, की स्क्रीनवर रेष उमटते. त्या रेषेत आधी एक उंच टोकदार सुळका दिसतो आणि थोडं पुढे एक बुटका, गोलसर उंचवटा. सुळका सुरू झाल्यापासून उंचवटा संपेपर्यंतच्या वेळेला क्यूटी इंटरव्हल म्हणतात. मिनिटाला ६० ठोके पडत असतील तर हा वेळ साधारण ०.४ सेकंद असतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. पण पेशीत घड्याळ नसताना हा वेळ ठरतो कसा, हे वाचायला घेतलं आणि त्यातच अडकलो. पोटॅशियमच्या चॅनलचा यात मोठा वाटा आहे, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. आज फक्त कॅल्शियमबद्दल.

बाहेर भरपूर, आत जवळपास शून्य

हृदयाच्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पेशीपटल असतं. त्याच्या बाहेर जेवढं मोकळं कॅल्शियम असतं, त्याच्या दहा हजारावा भाग, किंवा त्याहूनही कमी, आत असतो. पेशी मुद्दामच आत एवढा दुष्काळ ठेवते. कारण तिच्यासाठी कॅल्शियम म्हणजे नोटिफिकेशन. मुळात शांतता असेल तरच थोडासा आवाजही ऐकू येतो ना!

ठोक्यासाठी कॅल्शियम लागतं हे १८८३ मध्ये लंडनच्या सिडनी रिंगर यांनी दाखवलं. नळाच्या पाण्यात बनवलेल्या मिठाच्या द्रावणात बेडकाचं हृदय छान धडधडत होतं, पण शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी वापरलं की ते मंदावून थांबायचं. फरक होता तो नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा.

दरवाजा उघडतो आणि लगेच मिटायला लागतो

पेशीपटलात एल-टाइप कॅल्शियम चॅनल नावाची प्रथिनं रोवलेली असतात. विजेचा इशारा आला की ती उघडतात आणि बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं. समोर काही नॅनोमीटरवर पेशीच्या आतलं कॅल्शियमचं कोठार असतं. त्याच्या दारावरच्या रायनोडिन रिसेप्टरला हे कॅल्शियम लागलं की कोठारही उघडतं. थोडं आलं म्हणून भरपूर सुटलं, आणि स्नायू आकुंचन पावला. हा झाला ठोका.

पण इथे इंजिनिअरच्या डोक्यात लगेच लाल दिवा लागतो. कॅल्शियममुळे आणखी कॅल्शियम? हा लूप थांबणार कुठे?

थांबवतं कॅल्शियमच. गच्चीवरच्या टाकीत तरंगता गोळा असतो, माहितीये ना? पाणी चढलं की गोळा वर येतो आणि नळ बंद होतो. वॉचमनला वर जाऊन बघावं लागत नाही. चॅनलच्या आतल्या शेपटीवर असाच एक गोळा बसलेला असतो, त्याचं नाव कॅल्मोड्युलिन. या छोट्या प्रथिनाला चार खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत कॅल्शियमचा एक आयन बसतो. चॅनलमधून कॅल्शियम आत आलं की खाचा भरतात, कॅल्मोड्युलिनचा आकार बदलतो आणि ते चॅनलला मिटायला लावतं. कोठारातून सुटलेलं कॅल्शियमही याच खाचांत येऊन बसतं. म्हणजे कोठारातून जास्त सुटलं, तर बाहेरचा दरवाजा लवकर मिटतो.

१९९९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या डेव्हिड यू यांच्या गटाने यावर एक झकास प्रयोग छापला. त्यांनी चारही खाचा बिघडवलेलं कॅल्मोड्युलिन पेशींमध्ये घातलं. ते चॅनलवर जाऊन बसलं, पण कॅल्शियम काही पकडू शकलं नाही. परिणाम? कॅल्शियममुळे दरवाजा मिटणंच बंद. त्याच वर्षी दुसऱ्या गटांचे निष्कर्षही याच दिशेचे होते.

सहा प्रतींपैकी एक बिघडली तरी

मला सगळ्यात जास्त हादरवलं ते या भागाने. माणसात कॅल्मोड्युलिनची तीन जनुकं आहेत आणि तिन्हींतून अगदी तेच प्रथिन बनतं. आईकडून एक, वडिलांकडून एक धरलं तर एकूण सहा प्रती. आपल्या भाषेत सहा बॅकअप. एखाद्या प्रतीत बग आला तर बाकीच्या पाच सांभाळून घेतील असं कुणालाही वाटेल.

तसं होत नाही. २०१३ मध्ये एका शोधनिबंधात दोन तान्ह्या मुलांची हकीकत आली. त्यांचं हृदय वारंवार बंद पडत होतं आणि क्यूटी खूप लांबलेला होता. दोघांमध्येही कॅल्मोड्युलिनच्या एकाच प्रतीत बदल सापडला, आणि तो आई-वडिलांत नव्हता. कारण असं की बिघडलेलं कॅल्मोड्युलिनही चॅनलवरची जागा बरोबर पकडतं. ज्या चॅनलवर ते बसलं, तो वेळेवर मिटत नाही. शेजारच्या चॅनलवर चांगलं कॅल्मोड्युलिन असून याला उपयोग नाही. थोडेसे चॅनल उशिरापर्यंत उघडे राहिले तरी पेशीचा विद्युत इशारा लांबतो, आणि अशा लांबलेल्या इशाऱ्यातून हृदयाची लय बिघडू शकते.

आणखी एक. हेच कॅल्मोड्युलिन कोठाराच्या दारावर आणि सोडियमच्या चॅनलवरही काम करतं, एकच लायब्ररी अनेक अ‍ॅप वापरतात तसं. त्यामुळे बदल नेमका कुठे झालाय त्यावर आजार ठरतो. काहींत क्यूटी लांबतो, तर काहींत व्यायामाच्या किंवा भावनेच्या भरात कोठार गळायला लागतं.

आलेलं परत बाहेर

प्रत्येक ठोक्याला जेवढं आत आलं तेवढंच बाहेर जायला हवं, नाहीतर हिशेब चुकत जाणार. कोठारातलं कॅल्शियम पंपाने परत कोठारात जातं. बाहेरून आलेलं मुख्यतः सोडियम-कॅल्शियम एक्स्चेंजर नावाचं प्रथिन काढतं. तीन सोडियम आत घेतो, एक कॅल्शियम बाहेर टाकतो. याच्याही आतल्या बाजूला कॅल्शियमसाठी वेगळ्या जागा आहेत. तिथे कॅल्शियम बसलं की हा जोरात काम करतो, आत दुष्काळ असला की सुस्तावतो. डिगॉक्सिन हे जुनं औषध सोडियम बाहेर काढणारा पंप अडवतं. मग आत सोडियम वाढतं, एक्स्चेंजर मंदावतो, आत जास्त कॅल्शियम उरतं आणि ठोका जोरकस होतो.

मग रक्तातलं कॅल्शियमच कमी झालं तर?

पहिला अंदाज असा येतो की कॅल्शियम कमी म्हणजे सगळंच लवकर आटपेल. होतं उलटं. बाहेर कमी असलं की आतही कमी येतं, खाचा हळू भरतात, दरवाजा मिटायला वेळ लागतो आणि क्यूटी लांबतो. रक्तात कॅल्शियम जास्त झालं तर क्यूटी आखूड होतो. टाकीत पाणी कमी दाबाने येत असेल तर गोळा वर यायला वेळ लागतो आणि नळ जास्त वेळ चालू राहतो, तसंच हे. म्हणूनच ईसीजीवर क्यूटी लांबलेला दिसला की डॉक्टर चालू औषधांची चौकशी करतात आणि रक्तातलं पोटॅशियम, मॅग्नेशियम यांच्यासोबत कॅल्शियमही तपासायला सांगतात.