एकसष्टाची वर्गप्रकृती : १७६६३१९०४९ ह्या संख्येचा पूर्वेतिहास

कोणत्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळविला असता पुन्हा वर्गच मिळतो? भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास ‘बीजगणिता’त हे उदाहरण घातले आहे. कनिष्ठ मूळ २२६१५३९८० व ज्येष्ठ मूळ १७६६३१९०४९ हे त्याचे सर्वांत लहान शून्येतर उत्तर होय. ६० ह्या प्रकृतीस ४ व ३१, तर ६२ ह्या प्रकृतीस ८ व ६३ ही मुळे पुरतात. मधल्या ६१ ला मात्र दहा अंकी संख्या लागते.

अशी संख्या चाचपडून हाती लागत नाही. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये भावनेचा नियम सांगितला होता : एकाच प्रकृतीच्या दोन क्षेपांची मुळे ठाऊक असता त्या क्षेपांच्या गुणाकाराची मुळे काढता येतात. चक्रवाल रीतीत ह्या नियमाला कुट्टकाची जोड मिळते. ८ च्या वर्गातून ६१ वजा केले असता ३ उरतात. म्हणून १ व ८ ही मुळे आणि ३ हा क्षेप येथून आरंभ होतो. एकाच आवर्तनाने मुळे ५ व ३९ आणि क्षेप ऋण ४ येतो. मुळांची अर्धे घेतली की क्षेप ऋण १ होतो. ह्या अपूर्णांकी मुळांची भावना त्यांच्याशीच दोनदा केली म्हणजे ३८०५ व २९७१८ ही पूर्णांकी मुळे मिळतात. क्षेप ऋण १ हाच राहतो. ह्यांची स्वतःशी भावना केली की इष्ट उत्तर सिद्ध होते.

ह्या घडणीची खूण संख्येच्या ठायी स्पष्ट दिसते. १७६६३१९०४९ मधून १ वजा केल्यास २९७१८ च्या वर्गाची दुप्पट मिळते. १ मिळविल्यास ३८०५ च्या वर्गाची १२२ पट मिळते.

पुढे १६५७ मध्ये फर्मानेही ६१ चेच उदाहरण फ्रेनिक्लपुढे ठेवले. ब्राउंकरने इंग्लंडात स्वतंत्र रीत शोधली. ऑयलरने मात्र चुकीने पेलचे नाव ह्या समीकरणास जोडले. ‘बीजगणिता’चे कोलब्रुककृत इंग्रजी भाषांतर १८१७ मध्ये, म्हणजे पुष्कळ नंतर, प्रसिद्ध झाले.

तथापि, केवळ ह्या संख्येच्या आधारे सर्व श्रेय भास्कराचार्यांना देणे इतिहासास धरून होणार नाही. जयदेवाची चक्रवाल रीत उदयदिवाकराने १०७३ च्या टीकेत उद्धृत केली आहे. म्हणजे ती रीत भास्कराचार्यांहून जुनी ठरते. शिवाय, एका उदाहरणाचे उत्तर मिळणे निराळे आणि प्रत्येक अवर्ग प्रकृतीस उत्तर असतेच हे सिद्ध करणे निराळे. ही दुसरी गोष्ट लाग्रांजने १७६८ मध्ये साधली. चक्रवाल रीत नेहमी फलद्रूप होते, हे कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९२९-३० मध्ये दाखविले. नियम, रीत, उदाहरण व सिद्धता ह्यांचे कर्ते असे भिन्न आहेत. ते वेगळे ओळखले, तरच ह्या संख्येचे ऐतिहासिक मोल नीट ठरते. आणि तसे केल्याने भास्कराचार्यांच्या कौशल्यास यत्किंचितही उणेपणा येत नाही.